रेवेचं शीड

लक्ष्मण धायगुडे चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी त्यानं समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहावा असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. त्याचे पणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर डेरे घेऊन फिरले होते. आजोबा, वडील फरासखान्यात होते आणि बाराव्या वर्षापासून तोही तिथंच लागला. राहुट्या, कनाती, शामियाने शिवायचे आणि स्वारी जिथं जाईल तिथं जाऊन ते उभे करायचे, हे त्यांचं काम. अठ्ठेचाळीस साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं तसा फरासखाना बंद झाला. डेरे लिलावात निघाले. लक्ष्मणला एका कचेरीत चपराशाची जागा देऊ केली होती, ती त्यानं घेतली नाही. पोलोग्राउंडच्या एका शेडमध्ये तो ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला बसला. तिथं सगळं काम मशीनवर. शिवण सरळ असली की झालं, कापडाकडे कुणी बघत नसे.

चोपन्न सालच्या आषाढात एक दिवस कॅप्टन दौलतराव वाघमोडे शेडमध्ये आले. होळकरांच्या घोडदळातला हा माणूस, ताठ आणि कमी बोलणारा. लढाईच्या काळात मुंबईला असताना त्यांना शिडाच्या होडीचा नाद लागला होता. एक इंग्रज देश सोडून जाताना आपली यॉट विकून गेला, ती त्यांनी घेतली आणि तिचं नाव ठेवलं रेवा. मार्गशीर्षात मुंबईहून एक शर्यत निघणार होती. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांना वळसा घालायचा आणि मुंबईला परत यायचं, चार-पाच दिवस सलग खुल्या समुद्रावर. रेवेचं मोठं शीड जुनं होऊन विरलं होतं. विलायतेहून कापड मागवायचं तर परवाना मिळत नव्हता.

दौलतरावांनी कागदावरचं चित्र लक्ष्मणपुढे पसरलं आणि विचारलं, हे इंदुरात होईल का.

लक्ष्मणनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. तीन कोनांचं कापड, तीस फूट उंच. कनातीपेक्षा सोपंच दिसत होतं. तो म्हणाला, "होऊन जाईल साहेब, त्यात काय."

पण ते सोपं नव्हतं, हे त्याला महिनाभरात कळलं. मोठं शीड शिवण्याआधी त्यानं नमुन्यादाखल एक लहान शीड शिवलं. दौलतरावांची एक छोटी होडी इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावर होती, तिच्यावर ते चढवलं. वारा होता, शीड ताणलेलं होतं, कुठं एक सुरकुती नव्हती, आणि होडी मात्र जागची हलेना. दौलतरावांचा भाचा चिंतामण बरोबर होता. पोलोग्राउंडवरच्याच एका कारखान्यात तो इंजिनियर होता. त्यानं समजावून सांगितलं, की कनात वारा अडवण्यासाठी असते, शिडानं वारा धरायचा असतो. सपाट कापड वारा धरत नाही. त्याला पोट पाहिजे.

लक्ष्मणला ते लागलं. घरी येऊन त्यानं सगळी शिवण उसवली. दुसऱ्या शिडाला पोट जास्तच झालं, ते पोत्यासारखं लोंबलं. तेही उसवलं. मग एका दुपारी ताडपत्रीवर मशीन चालवता चालवता त्याला डेऱ्याचा घुमट आठवला. घुमटाच्या पट्ट्या जोडताना कडेला कापड जास्त दाबायचं आणि मध्ये सैल सोडायचं, म्हणजे सपाट पट्ट्यांनाच आपोआप गोलाई येते. हे तर तो वीस वर्षं करत आला होता. तिसरं शीड त्यानं तसं शिवलं. वाऱ्याची झुळूक लागताच होडी काठापासून अशी निघाली की चिंतामणचा हात दोरावरून सुटला. लक्ष्मण काठावर उभा राहून बघत राहिला. कापडात वारा शिरला आणि त्या वाऱ्यानं माणसं वाहून नेली, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मोठं शीड दसऱ्याला पुरं झालं. सगळं हातानं, दुहेरी टाक्यानं. ते गुंडाळून मुंबईला रवाना करायच्या आधी बातमी आली, की रेवेवरच्या चौघांतल्या एकाचा, दौलतरावांच्या मुंबईच्या मित्राचा, पाय मोडला. दौलतराव माणूस शोधायला लागले. लक्ष्मण त्यांच्या पलासियाच्या बंगल्यावर गेला आणि मला न्या म्हणाला.

दौलतरावांना आधी वाटलं, तो मुंबई बघायला मागतो आहे. लक्ष्मणनं सांगितलं, की मुंबई नाही, होडीवर न्या. फरासखान्यात रीत होती, ज्यानं डेरा शिवला तो डेऱ्याबरोबर जायचा. डेरा फाटला, पडला, तर जबाब त्यानं द्यायचा.

"हा डेरा नाही, लक्ष्मण," दौलतराव म्हणाले. "तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग विषय संपला."

"शर्यतीला दोन महिने आहेत, साहेब. येत नाही म्हणालो, येणार नाही असं कुठं म्हणालो?"

दौलतरावांनी अट घातली. अंगातल्या कपड्यांसकट, न थांबता, दोनशे हात पोहून दाखवायचं. दाखवलं तर बघू.

तेव्हापासून रोज पहाटे चिंतामणच्या सायकलवर डबलसीट बसून लक्ष्मण सिरपूरच्या तलावावर जायला लागला. कार्तिकातलं पाणी, हाडात शिरणारं. पहिले आठ दिवस त्यानं फक्त पाणी प्यायलं. गुरांना पाणी पाजायला येणारे लोक काठावर थांबून हसायचे. चिंतामण इंदुरी ढंगात म्हणायचा, "लक्ष्मणभिया, हात मारा, पाण्याला मिठी नका मारू." पंधराव्या दिवशी तो तरंगला. महिन्यानं वीस हात गेला. घरी मंगला, त्याची बायको, रोज ओलं धोतर वाळत घालायची. शेवटी एकदा तिनं विचारलं, की या वयात हे कशासाठी. शेडचा मालक पंधरा दिवसांची सुट्टी देणार नाही म्हणाला होता, गेलास तर येऊ नको असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं, ते तिच्या कानावर आलं होतं.

लक्ष्मण म्हणाला, की सहा वर्षांत हातून एकच चीज धड झाली आहे, ती उभी राहते की पडते हे दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकायचं.

मंगला म्हणाली, "मग पोहायला तरी नीट शिका." आणि आत गेली.

शेवटच्या रविवारी दौलतराव स्वतः सिरपूरला आले. लक्ष्मण सदरा-धोतरात उतरला. दीडशे हातांवर धोतर पायात गुंतलं, तो एकदा खाली गेला, वर आला, धोतर सोडून दिलं आणि लंगोटीवर पलीकडचा काठ गाठला. दौलतरावांनी त्याला आपला कोट दिला. म्हणाले, होडीवर चड्डी घालायची.

इंदूरहून खंडवा, तिथं गाडी बदलून मुंबई. दौलतराव, चिंतामण आणि लक्ष्मण यांच्याखेरीज रेवेवर होता जानू तांडेल, अलिबागकडचा कोळी, साठीला आलेला. त्याला लक्ष्मणचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून गंमत वाटे. लक्ष्मण 'मी तैयार आहे' म्हणाला की तो हळूच हसायचा. पण शीड चढवलं तेव्हा तो हसला नाही. शिवणीवरून त्यानं अंगठा फिरवत नेला, पार वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, हे कुणी शिवलं. मग लक्ष्मणला त्यानं आपल्या शेजारची झोपायची जागा दिली.

शर्यतीला सात नौका होत्या. सकाळी तोफ झाली, उत्तरेचा वारा पाठीशी होता, आणि रेवा दक्षिणेला अशी सुटली की दुपारपर्यंत ती दुसऱ्या नंबरावर होती. शीड बाहेर झुकून भरलेलं, पोट अगदी हवं तसं. दौलतरावांनी सुकाणूवरून एकदा लक्ष्मणकडे बघून मान हलवली.

पण लक्ष्मणला ते धड दिसलंच नाही. बंदर सुटून तास झाला नसेल तोच त्याच्या पोटात कालवायला लागलं. तलावावर असलं काही झालं नव्हतं. समुद्र होडीला मागून उचलत होता, वाकडी करत होता, सोडून देत होता, आणि दर वेळी त्याची आतडी एक क्षण मागे राहत होती. अलिबाग मागे पडेस्तोवर पोटात काही उरलं नव्हतं. तो डोलकाठीच्या पायथ्याशी उताणा पडला. उठून बसला की पुन्हा तेच.

तिथं पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट दिसली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या लोखंडी तारा होत्या. शीड बाहेर झुकलेलं असल्यामुळं त्यातली एक तार कापडाला टेकत होती, नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या शिवणीवर. होडी डोलली की तार घासायची. एकदा, पुन्हा, पुन्हा. टाके घासले जाणार हे त्याला कळलं. सांगावं असं मनात आलं. पण आपण ओझं होऊन पडलो आहोत, आपल्या वाटचं काम बाकी तिघं करताहेत, आणि वर आपण पडल्या जागेवरून शहाणपण शिकवायचं, याची त्याला लाज वाटली. त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरीचा किनारा दिसायला लागला. लक्ष्मणच्या पोटात घोटभर पाणीही टिकत नव्हतं. दौलतराव त्याच्याजवळ येऊन बसले. आवाज चढवला नाही. म्हणाले, की रत्नागिरीला होडी लावून तुला उतरवतो. नियमाप्रमाणं किनाऱ्याला लागलं की शर्यत संपली, पण शर्यतीपेक्षा माणूस मोठा.

लक्ष्मण कोपरावर उठला. "मला उतरवू नका."

"तुझ्यानं उभं राहवत नाही."

"उलटी करायला दोन हात लागत नाहीत, साहेब. एका तरी हाताला काम द्या."

दौलतराव काही बोलायच्या आत जानू तांडेल म्हणाला, की पोटाशी भांडत पडला म्हणून हा असा झाला, पहिल्या सफरीत मीही असाच होतो. त्यानं लक्ष्मणला बखोटीला धरून उठवलं आणि होडीच्या तळाशी साचणारं पाणी उपसायच्या पंपाशी बसवलं. दांडा हातात दिला. "नजर लांब ठेव, जिथं आभाळ टेकतंय तिथं. नि हात थांबवू नको."

लक्ष्मणनं पंप मारायला सुरुवात केली. दहा वेळा मारला, ओकला, पुन्हा मारला. पाणी संपलं तरी मारत राहिला. संध्याकाळी त्यानं भाकरीचा एक तुकडा मिठाबरोबर खाल्ला, आणि तो पोटात टिकला. दौलतरावांनी रत्नागिरी मागे जाऊ दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याचे खडक आले. काळेभोर, फेसात बुडणारे, वर दीपगृह. रेवेनं वळसा घातला तेव्हा ती तिसरी होती. आणि वळल्यावर सगळंच बदललं. आतापर्यंतचा पाठीचा वारा आता तोंडावर होता. त्याला तिरकं कापत, एकदा समुद्राकडे, एकदा किनाऱ्याकडे नाक फिरवत उत्तरेला चढायचं होतं. होडी एका कुशीवर कलली, लाटा पुढून फळ्यांवर आपटायला लागल्या. नवल म्हणजे लक्ष्मणला आता बरं वाटत होतं. दोर ओढायला तो चिंतामणच्या जोडीला उभा राहिला. तंबूचे दोर ओढून घट्टे पडलेले हात होते, ते कामाला आले.

दुपारी वारा वाढला. तीनच्या सुमारास वरून फाडकन आवाज आला. शिवण उसवली होती, तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीतली. बघता बघता फट दोन हात झाली, तीन हात झाली. दौलतरावांनी होडी वाऱ्याकडे वळवून शिडातला जोर काढला, जानूनं शीड खाली घेतलं. पुढच्या छोट्या शिडावर रेवा कशीबशी तरंगत राहिली, पुढे जायच्याऐवजी हळूहळू मागे ढकलली जात होती.

चिंतामण म्हणाला, टाके कच्चे निघाले. तो रागानं म्हणाला नव्हता, पण लक्ष्मणनं ते ऐकलं. त्यानं फाटकी कड हातात घेऊन दौलतरावांना दाखवली. दोरा तुटलेला नव्हता, झिजलेला होता.

"टाके कच्चे नाहीत. तारेनं घासले. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, साहेब. मी बोललो नाही."

"का नाही बोललास?"

"लाज वाटली. काम करत नव्हतो, मग बोलायचं कशाच्या जोरावर?"

होडी एका लाटेवरून खाली आदळली. पाणी सगळ्यांच्या अंगावरून गेलं. दौलतरावांनी तोंड पुसलं. लक्ष्मणला वाटलं, आता हा माणूस आपल्याला काय बोलेल ते थोडंच. पण ते म्हणाले, "आता बोललास ना? मग पुढं काय करायचं तेही तूच सांग."

लक्ष्मणनं सांगितलं. शीड पुरतं काढायचं नाही, त्याच्या पायाशी जो आडवा वासा आहे त्यावरच बांधून ठेवायचं. त्याला कमरेला दोर बांधून डोलकाठीशी जखडायचं. चिंतामणनं कापडाच्या पलीकडं बसायचं आणि आलेलं दाभण ओढून परत द्यायचं. आणि तासभर कुणी घाई करायची नाही.

तो वाशावर घोड्यावर बसावं तसा बसला आणि मांड्यांनी वासा आवळून धरला. तळहातावर चामड्याची गादी बांधली. ओलं कापड लाकडासारखं कडक झालं होतं. आधी त्यानं मोठे टाके घालून दोन्ही कडा जवळ आणल्या, मग जुन्या शिडाची एक पट्टी वरून ठेवली, मग दुहेरी शिवण धरली. होडी खाली गेली की थांबायचं, वर आली की दाभण रेटायचं. दोनदा ते गादीवरून घसरून त्याच्या डाव्या हातात घुसलं. रक्त खाऱ्या पाण्यात मिसळून कापडावर पसरलं. चिंतामण पलीकडून दाभण परत देत होता. जरा वेळानं तो म्हणाला, "भिया, मी कच्चे बोललो ते माफ करा." लक्ष्मण म्हणाला, दोरा ओढ.

एक नौका शेजारून गेली. तिच्यावरच्या लोकांनी मदत हवी का म्हणून विचारलं, दौलतरावांनी नको म्हणून हात केला. मग आणखी एक गेली. रेवा पाचवी झाली.

पाऊण तासात फट शिवून झाली. जानू शीड चढवायला दोराला हात घालणार, तेवढ्यात लक्ष्मण म्हणाला, थांबा. बाकीच्या शिवणींवरही जिथं जिथं तार लागते तिथं चामडं लावायला पाहिजे.

दौलतरावांचा धीर आता संपत आला होता. पुढे गेलेली नौका ठिपक्याएवढी झाली होती. ते म्हणाले, "अजून किती?"

"अर्धा तास. नाहीतर पुन्हा फाटेल, आणि पुन्हा शिवायला कापड नाही माझ्याजवळ."

"आणि चामडं कुठं आहे?"

लक्ष्मणजवळ चामडंही नव्हतं. दौलतराव सुकाणू जानूच्या हाती देऊन खाली गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात घोडदळातली त्यांची नकाशे ठेवायची चामडी पिशवी होती, पितळेच्या बकलाची. नकाशे त्यांनी सदऱ्यात खुपसले होते. त्यांनी चाकू काढला आणि स्वतःच तिचे तुकडे कापायला बसले. लक्ष्मण सांगेल त्या मापाचे.

शीड चढलं तेव्हा उन्हं कलली होती. वारा त्यात शिरला, शिवण ताणली, नवी पट्टी एकदा थरथरली आणि बसली. चौघंही वर बघत होते. जानूनं होडीचं नाक उत्तरेला धरलं.

त्यानंतर दोन दिवस ते वाऱ्याशी झगडत वर चढत राहिले. लक्ष्मण पाळीनं दोरावर बसला, आणि शेवटच्या सकाळी तासभर दौलतरावांनी त्याच्या हातात सुकाणूही दिलं. दर तासाला तो शिवणी तपासायचा आणि दिसलं ते मोठ्यानं सांगायचा, लहान असो की मोठं. मुरुडच्या आसपास त्यांनी एका नौकेला मागे टाकलं. पाचव्या दिवशी दुपारी रेवा मुंबईला पोचली. सातांतल्या दोन नौका वाटेतच माघारी वळल्या होत्या. उरलेल्या पाचांत रेवा चौथी आली.

बक्षीस पहिल्या तिघांना होतं. धक्क्यावर गर्दी होती ती त्यांच्याभोवती. लक्ष्मण जमिनीवर उतरला तर जमीनच हलायला लागली. तो एका दगडावर बसून राहिला. तेवढ्यात मागाहून आलेल्या नौकेचा मालक, एक वयस्क गृहस्थ, रेवेवर चढला. त्यानं शिवणीची दुरुस्ती हातानं चाचपली आणि दौलतरावांना विचारलं, की असं दुरुस्तीचं काम किनाऱ्याला न लागता होतं कुठं. दौलतरावांनी सांगितलं, की किनाऱ्याला आम्ही लागलोच नाही, आणि ज्यानं केलं तो तिथं दगडावर बसला आहे.

त्या गृहस्थानं पुढच्या हंगामासाठी दोन शिडं सांगितली.

इंदूरला लक्ष्मण परतला तेव्हा शेडमधल्या त्याच्या मशीनवर दुसरा माणूस बसलेला होता. मालकानं त्याला आत यायला सांगितलं नाही, आणि त्यानंही काम परत मागितलं नाही. पोलोग्राउंडवर चिंतामणच्या कारखान्यामागं एक रिकामी लांबलचक पडवी होती, ती त्यानं त्याच दिवशी बघून भाड्यानं ठरवून टाकली. तीस फूट कापड सलग पसरता यायला पाहिजे, एवढीच त्याची अट होती.

मंगलानं त्याच्या डाव्या हाताच्या जखमा पाहिल्या, हळद लावली आणि विचारलं, की समुद्र कसा असतो. त्यानं तिला उलट्यांचं सांगितलं, खडकांचं सांगितलं, आणि दौलतरावांना जे कबूल केलं होतं तेही सांगितलं. आपण घाबरलो नाही, पण गप्प बसलो, आणि ते घाबरण्यापेक्षा वाईट होतं, असं तो म्हणाला. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, पहिलं शीड केवढं आहे.

"अठ्ठावीस फूट."

"मग दोरा पुष्कळ लागेल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मेणाचा गोळा घेऊन त्या पडवीत दोऱ्याला मेण लावायला त्याच्यासमोर बसली. चैत्रापर्यंत दोन्ही शिडं मुंबईला गेली, आणि पुढच्या मार्गशीर्षात रेवेवरच्या चौथ्या माणसाच्या जागेसाठी दौलतरावांनी कुणाला विचारलंही नाही, ती लक्ष्मणचीच होती.